लेस: आधी फास, मग दोरी, मग जाळी

प्रश्न असा आहे: बूट बांधतो ती लेस म्हणजे साधी दोरी. झग्याच्या गळ्याला असते ती लेस म्हणजे नक्षीदार जाळी. आणि इंग्रजीत कॉफीमध्ये जराशी दारू मिसळली तरी ती कॉफी 'लेस्ड' होते. हे तीन निरनिराळे शब्द योगायोगाने एकाच रूपात आले, की शब्द एकच आहे? एकच असेल तर मुळात त्याचा अर्थ काय?

शब्द एकच आहे आणि मुळात त्याचा अर्थ फास. फासावरून दोरी, दोरीवरून कपड्याच्या काठाला शिवायचा गोफ आणि गोफावरून जाळी, असा तो सरकत आला. जाळी हा त्याचा धाकटा अर्थ. बहुतेक जण दोरीवरून थेट जाळीवर उडी मारतात, मधला गोफ गाळतात, आणि मग मेळ बसत नाही म्हणून 'जाळीच्या भोकांतून दोरी ओवत, त्यावरून जाळीलाही लेस म्हणू लागले' असला काहीतरी बादरायण संबंध जोडून देतात. हातविणीच्या जुन्या लेस ओळखणे आणि दुरुस्त करणे हे माझे काम आहे. हा मधला गोफ मला भिंगाखाली रोज दिसतो, म्हणून उत्तरात त्याच्यावर जरा जास्त रेंगाळणार आहे.

लॅटिनमध्ये 'लाक्वेउस' म्हणजे फास. पाखरे धरायचा फास, शिकारीचा फास, गळफास, सगळे त्यात आले. आखाड्यात प्रतिस्पर्ध्यावर फास टाकून लढणाऱ्याला 'लाक्वेआरिउस' म्हणत. बोलीतल्या लॅटिनमधून झिजत झिजत हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये 'लाझ' किंवा 'लास' झाला आणि १३व्या शतकात इंग्रजीत शिरला. त्याचे भाऊबंद युरोपभर आहेत. इटालियनमध्ये 'लाच्चो' म्हणजे आजही फास आणि बुटाची दोरी दोन्ही. रोमेनियनमध्ये 'लाट्स' म्हणजे फासच. फ्रेंच 'लासे' म्हणजे बुटाची दोरी, आणि डोंगरातून नागमोडी चढत जाणाऱ्या रस्त्यालाही तोच शब्द. बुटावर आडवीतिडवी गेलेली दोरी डोळ्यांसमोर आणा म्हणजे का ते कळेल. स्पॅनिश 'लासो' म्हणजे फास आणि फितीची गाठही. गुरे धरायचा जो दोर इंग्रजीत 'लॅसो' म्हणून पोहोचला तो हाच. थोडक्यात, 'लेस' आणि 'लॅसो' ही सख्खी भावंडे आहेत; एक फ्रेंच घरात वाढले, दुसरे स्पॅनिश.

फास या अर्थाचा शब्द इतका नाजूक कसा होऊ शकतो, असे वाटत असेल तर आपल्या 'पाश'कडे बघा. यमाच्या हातात असतो तोही पाश. तोच पुढे प्रेमपाश होतो, मोहपाश होतो, आणि 'केशपाश' म्हणताना तर बांधण्याचा मागमूसही उरत नाही, नुसता केसांचा संभार उरतो. पाशाचे आणि लाक्वेउसचे रक्ताचे नाते नाही, चाल मात्र सारखी.

इंग्रजीत फास आणि दोरी हे दोन्ही अर्थ बराच काळ एकत्र नांदले. १४व्या शतकाच्या अखेरीस लिहिणारा कवी चॉसर हे आपल्याला एकाच ग्रंथात दाखवतो. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'च्या प्रस्तावनेतला खलाशी गळ्यात 'लास' अडकवून त्याला खंजीर लटकवतो. तिथे लास म्हणजे दोरी. पुढे सरदाराच्या कथेत प्रेमदेवता व्हीनसच्या 'लास'मध्ये सगळे लोक सापडले आहेत, असे तो म्हणतो. तिथे लास म्हणजे फास, अगदी आपला प्रेमपाश. त्याच शतकातल्या 'सर गॅवेन अँड द ग्रीन नाइट' या काव्यात नायकाला एक हिरवा रेशमी कमरपट्टा मिळतो, त्यालाही कवी 'लेस' म्हणतो. या तिन्ही ठिकाणी जाळी कुठेच नाही, आणि असणे शक्यही नव्हते. आज आपण जिला लेस म्हणतो ती जाळी तेव्हा युरोपात जन्मलीच नव्हती.

मग तेव्हाची लेस होती कशी? ती बहुधा बोटांवर विणत. ब्रिटिश लायब्ररीत १५व्या शतकातले एक हस्तलिखित आहे, त्यात तऱ्हेतऱ्हेच्या 'लेस' कशा करायच्या याच्या कृती दिल्या आहेत: गोल लेस, रुंद लेस, पाच फाशांची, सात फाशांची. प्रत्येक धाग्याचा एकेक फास करून बोटात अडकवायचा. सगळ्यांची दुसरी टोके एका खिळ्याला बांधलेली. एका हाताचे मोकळे बोट दुसऱ्या हातातल्या फाशांमधून घालायचे, पलीकडचा फास पकडून ओढून आणायचा, आणि दोन्ही हात झटक्याने बाजूला फाकवायचे, की वीण खिळ्याकडे सरकून घट्ट बसते. पुन्हा तेच, दुसऱ्या हाताने. एकदा हात बसला की गोफ भराभर वाढतो. शब्दाचा अर्थ या विणीवरून आला असे मी म्हणत नाही, तो त्याच्या कितीतरी आधीचा आहे. पण फाशाफाशांतून दोरी होते ती डोळ्यांसमोर होताना पाहिली की हे दोन अर्थ एकमेकांच्या किती जवळ होते ते कळते.

या दोऱ्यांवर तेव्हाचा सगळा पोशाख उभा होता. अंगरखा पुढून बांधायला दोरी, बाही खांद्याला जोडायला दोरी, चोळणा वरच्या बंडीला अडकवायला दोरी. चोळणा बांधायच्या या आखूड दोऱ्यांना इंग्रजीत 'पॉइंट' म्हणत, कारण त्यांच्या टोकांना धातूची निमुळती नळी बसवलेली असे. ती नळी म्हणजे 'अ‍ॅग्लेट', फ्रेंच 'एग्वियेत', छोटी सुई. तुमच्या बुटाच्या लेसच्या टोकाला जी प्लास्टिकची नळी असते, तिचे नाव आजही तेच आहे. 'पॉइंट' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा गोंधळ घालणार आहे.

इथेच एक सावधगिरी. १४६३ साली इंग्लंडने परदेशी मालावर बंदी घालणारा कायदा केला. त्यातल्या यादीत फिती, झालरी यांच्याबरोबर 'लेस' आहे. ते वाचून 'इंग्लंडमध्ये १५व्या शतकातच लेस होत होती' असे विधान अनेक जण बेधडक करतात. होत होती, पण दोरी आणि गोफ. जाळी नव्हे.

दोरीच्या काळाचे दोन अवशेष आजच्या इंग्रजीत जिवंत आहेत. एक 'नेकलेस'. त्यातला 'लेस' म्हणजे गळ्यात बांधायची दोरी. हा जोडशब्द १६व्या शतकाच्या अखेरीस आला, आणि आता हार सोन्याचा असो की मोत्यांचा, दोरी नावात तशीच राहिली. दुसरा 'स्ट्रेट-लेस्ड', म्हणजे सोवळ्या, करड्या वृत्तीचा माणूस. त्यातला 'स्ट्रेट' म्हणजे अरुंद, आवळलेला, सरळ नव्हे. ज्याच्या चोळीची दोरी करकचून ओढली आहे असा माणूस. आता बरेच लोक त्याचे स्पेलिंग 'सरळ'वाल्या 'स्ट्रेट'चे करतात, आणि अर्थही तसाच लावतात. चुकीचे आहे, पण इतके रुळले आहे की कोशांनीही तोंडदेखली हरकत घेऊन सोडून दिले.

तिसरा अवशेष खरे तर अवशेष नाही, कारण त्यातून लेसच गळून पडली आहे. इंग्लंडमधल्या ईली गावच्या मठाची संस्थापक राणी एथेलथ्रिथ इ.स. ६७९च्या सुमारास वारली. तिच्या गळ्यावर गाठ झाली होती. बीड नावाच्या इंग्रज भिक्षूने ८व्या शतकात लिहिलेल्या इतिहासात म्हटले आहे की तरुणपणी गळ्यात दागिने मिरवल्याची ही शिक्षा, असे ती स्वतःच म्हणत असे. पुढे ती संत झाली, तिच्या नावाचा उच्चार 'ऑड्री' झाला, आणि तिच्या नावाच्या जत्रेत गळ्यात बांधायच्या रेशमी दोऱ्या विकल्या जाऊ लागल्या: 'सेंट ऑड्रीज लेस'. 'सेंट'मधला शेवटचा 'ट' पुढच्या नावाला चिकटला आणि झाली 'टॉड्री लेस'. शेक्सपिअरच्या 'द विंटर्स टेल'मधली खेडवळ पोरगी आपल्या प्रियकराकडे हीच मागते. जत्रेतला माल जसा होत जातो तसा तो स्वस्त आणि भडक होत गेला, आणि 'लेस' गळून नुसते 'टॉड्री' उरले. आज त्याचा अर्थ भपकेबाज पण हलके. गळ्यातल्या दागिन्यांचा पश्चात्ताप करणाऱ्या बाईच्या नावाने सवंग दागिन्यांचे विशेषण व्हावे, हे तिचे दुर्दैव. पण बघा, ही लेसही दोरीच आहे. जाळीशी तिचा काही संबंध नाही, जरी 'टॉड्री' म्हणजे 'हलक्या प्रतीची जाळीदार लेस' असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले सापडते.

आता ती मधली पायरी. १६व्या शतकात दोरी नुसती बांधण्यापुरती राहिली नाही, ती शोभेला आली. अंगरख्याच्या शिवणीवर, काठावर, बाहीच्या तोंडाशी चपटे गोफ शिवायचे. रेशमाचे, सोन्याचांदीच्या तारेचे. यालाही नाव 'लेस'च, कारण कारागीर तेच, वीण तीच, विकणारे दुकानदारही तेच. हा अर्थ सैन्यात आजही टिकून आहे. गणवेशाच्या कॉलरवर आणि बाहीवर जी सोनेरी पट्टी असते तिला इंग्रजीत 'गोल्ड लेस' म्हणतात. १८व्या शतकात ब्रिटिश पायदळाच्या प्रत्येक पलटणीच्या लेसची नक्षी वेगळी असे आणि काजांभोवती शिवलेली ती पट्टी बघून पलटण ओळखता येई. तिच्यात एकही भोक नाही. घट्ट विणलेली फीत आहे ती.

या काठाच्या गोफाला फ्रेंचमध्ये 'पासमां' म्हणत. गोफ सपाट होता तोवर ठीक होते. मग कारागिरांनी त्याच्या एका कडेला टोके काढायला सुरुवात केली. टोके लांबत गेली, त्यांच्यामध्ये मोकळी जागा राहू लागली, मोकळ्या जागेत आणखी गोफ फिरू लागले. अशी काठाची पट्टी हळूहळू उसवल्यासारखी उघडत गेली आणि जाळी झाली. फ्रेंचांनी तिला 'दातेरी पासमां' म्हटले. पुढे 'पासमां' गळला आणि 'दातेरी' उरला: 'दांतेल', म्हणजे छोटे दात. इंग्रजांनी उलट केले. त्यांनी विशेषण टाकले आणि नाम ठेवले: 'लेस'. वस्तू एकच. एका भाषेने तिचे दात लक्षात ठेवले, दुसरीने तिचा गोफ.

युरोपातल्या इतर भाषांकडे पाहिले तर बहुतेकांची नजर फ्रेंचांसारखी कडेवर आहे. जर्मन 'श्पिट्से' म्हणजे टोक. डच 'कांट' म्हणजे कड. इटालियन 'मेर्लेत्तो' म्हणजे तटाच्या चर्या, त्यांची लहान प्रतिकृती. पोलिश 'कोरोन्का' म्हणजे छोटा मुकुट. जो तो काठाच्या आकाराकडे बघतो. दोरीचे नाव जाळीला चिकटून राहिले ते इंग्रजीत. तरी इतरत्रही दोरी अगदीच विसरली नव्हती याचा एक चांगला पुरावा आहे. १५६१ साली झ्युरिकमध्ये लेसच्या नमुन्यांचे एक पुस्तक छापले गेले. लिहिणारी शिक्षिका फक्त 'आर. एम.' या आद्याक्षरांनी ओळखली जाते. ती सांगते की ही कला १५३६ साली इटलीहून, व्हेनिसच्या व्यापाऱ्यांबरोबर तिच्या गावी आली. पुस्तकाच्या नावात या वस्तूला ती 'डेंटेलश्न्यूर' म्हणते, आणि त्यातला 'श्न्यूर' म्हणजे दोऱ्या. दात आणि दोरी, दोन्ही एकाच शब्दात.

हे कागदावरचे झाले. लेस विणायची उशी, म्हणजे गिर्दी, पुढ्यात घेऊन बसलात की कोश लागत नाही. बॉबिन लेस करायची तर कडक भरलेल्या गिर्दीवर नमुना टाचतात, नमुन्याच्या भोकांत टाचण्या रोवतात, आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला एकेक लाकडी बॉबिन, म्हणजे धागा गुंडाळलेली कांडी, लोंबते. गिर्दीवर बॉबिन शंभर असोत, हातात एका वेळी चार धागे असतात, दोन जोड्या. त्यांना हालचाली दोनच. 'क्रॉस' म्हणजे मधल्या दोन धाग्यांपैकी डावा उजव्यावरून न्यायचा. 'ट्विस्ट' म्हणजे दोन्ही जोड्यांमध्ये उजवा डाव्यावरून न्यायचा. क्रॉस, ट्विस्ट, क्रॉस केले आणि पुढच्या जोडीकडे गेले की लिननच्या कापडासारखी भरीव वीण येते. पण त्याच दोन जोड्या हातात ठेवून क्रॉस, ट्विस्ट, क्रॉस, ट्विस्ट करीत राहिले, तर काय तयार होते? साधा चौपेडी गोफ. म्हणजे ज्याला चॉसरच्या काळात 'लेस' म्हणत असत ती वस्तू. नक्षीच्या एका भरीव भागातून दुसऱ्याकडे जाताना हाच गोफ मोकळ्या जागेतून न्यायचा, टाचणीभोवती वळवायचा, समोरून येणाऱ्या दुसऱ्या गोफाला ओलांडायचा. १५५७ साली व्हेनिसमध्ये निघालेल्या 'ले पोम्पे' या नमुन्यांच्या पुस्तकातल्या बॉबिन लेस पाहा, त्यांत बहुतेक गोफच गोफ आहेत, भरीव भाग थोडा. त्या काळच्या कारागिराला आपण काही नवी वस्तू करतो आहोत असे वाटलेच नसेल. तो लेस करत होता, फक्त आता तिच्यात जागा सोडत होता. इंग्रजीत तिचे नाव पडले 'बोन लेस', हाडाच्या बॉबिनांवरून. 'बोन' हा शब्द मागून लावावा लागला, याचाच अर्थ नुसते 'लेस' म्हटले तर ऐकणारा अजून दोरी समजत होता.

दुसरी मोठी लेस म्हणजे सुईची, आणि तिचे कूळ पूर्ण वेगळे. ती गोफातून आली नाही, भरतकामातून आली. आधी लिननच्या कापडातले धागे ओढून काढत आणि उरलेल्यांवर टाके घालत. मग कापडाचे चौकोन कापून त्या खिडक्यांत नक्षी भरू लागले, ती 'रेतिचेल्ला', छोटी जाळी. शेवटी कापडच टाकून दिले. चर्मपत्रावर नक्षी काढायची, खाली कापडाचे दोन पदर लावायचे, नक्षीच्या रेषेवर जाड धागा ठेवून तो टाचून घ्यायचा, आणि त्या धाग्यात सुई अडकवून काजटाके भरत जायचे. सुई चर्मपत्रात शिरत नाही, टाका टाक्यातच अडकतो. काम संपले की कापडाच्या दोन पदरांमधून कात्री चालवायची, टाचण सुटते आणि लेस अलगद वर येते. व्हेनिसने याला नाव दिले 'पुंतो इन आरिया', हवेतला टाका. नाव अगदी चपखल आहे, या धंद्यातले माझे सगळ्यात आवडते. १६६५ साली फ्रान्सचा मंत्री कोल्बेरने व्हेनिसकडे जाणारा पैसा थांबवण्यासाठी सरकारी आश्रयाने अशा लेसचे कारखाने सुरू केले. त्यातल्या आलांसोंची सुईची लेस आजही हाताने होते. एक चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ तास लागतात. २०१०मध्ये युनेस्कोने तिला वारसा यादीत घेतले.

ही लेस दोरीची कोणी लागत नाही. तरी इंग्रजीत तिलाही 'लेस'च म्हणतात, कारण कॉलरवर ती त्याच जागी बसली जिथे बॉबिनची बसत होती. जुन्या कागदांत मात्र तिला 'पॉइंट' म्हणत: फ्रेंच 'प्वाँ', टाका. आणि आता चोळण्याची ती आखूड दोरी आठवा. तिलाही 'पॉइंट' म्हणत. म्हणजे १७व्या शतकातल्या यादीत 'लेस' दिसली तर ती दोरी असेल किंवा जाळी, आणि 'पॉइंट' दिसला तर तोही दोरी असेल किंवा जाळी. दोन शब्द, दोन वस्तू, चारी जोड्या शक्य. असे कागद वाचताना डोके धरायची पाळी येते.

'गिप्युर'चेही तसेच. आज ती जाड, बिनजाळीच्या पार्श्वभूमीची लेस, पण मूळ शब्द एखाद्या दोरीभोवती रेशीम गुंडाळण्याचा आहे. इथेही आधी दोरी, मग जाळी. बाकी नावे बहुतेक गावांची आहेत, शांतिय्यी, व्हालांसिएन, होनिटन, आणि नावातले गाव आणि करणारे गाव एकच असेल याची खात्री नाही. काळ्या शांतिय्यी लेसपैकी पुष्कळशी बेयूमध्ये झाली. 'टूल' या जाळीचे नावही गावावरून. 'तोर्शों' म्हणजे फडके. साधी, दणकट लेस, तिला हिणवायला दिलेले नाव, पण विद्यार्थ्यांना आम्ही तीच आधी शिकवतो.

कॉफीचे राहिले. तिथे अर्थ फिरला तो सोन्याच्या गोफावरून. कापडावर सोनेरी लेस शिवली की गडद रंगावर चमकत्या रेघा उठतात. शेक्सपिअर 'मॅकबेथ'मध्ये खून झालेल्या राजाची त्वचा चंदेरी आणि तिच्यावर सोनेरी रक्ताची लेस, असे म्हणतो. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये पहाटेच्या ढगांना उजेडाच्या रेघा 'लेस' लावतात. जाळी दोन्हीकडे नाही. चांदीच्या वस्त्रावर सोन्याची फीत, हे चित्र आहे. एका गोष्टीत दुसरी रेघेसारखी, शोभेपुरती, चवीपुरती घालणे, असा अर्थ मग पेयांना लागला. १७व्या शतकात कॉफीत किंवा बिअरमध्ये थोडी कडक दारू घालणे म्हणजे 'लेस' करणे. आज बातम्यांत विष किंवा अमली पदार्थ मिसळलेल्या वस्तूला 'लेस्ड' म्हणतात, ती याचीच पुढची, काळवंडलेली पायरी. झोडपणे या अर्थाचेही 'लेस' हे क्रियापद आहे. फटक्यांचे वळ म्हणजे पाठीवर शिवलेल्या फिती, असा क्रूर विनोद त्यामागे असावा. पक्षिपालनात पिसाच्या कडेला वेगळ्या रंगाची रेघ असलेल्या कोंबडीला 'लेस्ड' म्हणतात. तीही जाळी नव्हे, काठाची फीतच.

यंत्राने शब्दाचा अर्थ आणखी ताणला. १८०९ साली जॉन हीथकोटने बॉबिन लेसच्या पार्श्वभूमीसारखी षट्कोनी जाळी विणणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. १८१६ साली यंत्रे फोडत फिरणाऱ्या 'लडाइट' दंगेखोरांनी लाफबरोचा त्याचा कारखाना फोडला, तेव्हा तो बिऱ्हाड घेऊन टिव्हर्टनला गेला. १८१३च्या सुमारास नॉटिंगहॅमच्या जॉन लीव्हर्सचे यंत्र आले, मग त्याला जॅकार्डची, म्हणजे भोके पाडलेल्या पत्त्यांवरून नक्षी ठरवणाऱ्या यंत्रणेची, जोड मिळाली आणि नक्षी यंत्रावर येऊ लागली. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात विरघळणाऱ्या कापडावर यंत्राने भरतकाम करून खालचे कापड विरघळवून टाकायची युक्ती निघाली. ती 'केमिकल लेस'. आज बाजारातली बहुतांश लेस राशेल यंत्रावर विणलेली असते, स्वेटरसारख्या फाशांची. मग लेस म्हणजे नक्की काय? काटेकोर लोक म्हणतात, जिच्यात भोके विणतानाच घडतात ती. आधी कापड आणि मग भोके, ते भरतकाम. या हिशेबाने यंत्राच्या जाळीवर भरलेली लिमरिक लेस लेस ठरत नाही, आणि केमिकल लेस तर अजिबात नाही. मी या भांडणात पडत नाही. जिच्या नावातच दोरीचे जाळीत रूपांतर झाले आहे तिच्या व्याख्येबद्दल फार सोवळे पाळण्यात अर्थ नाही.

खोट्या नातेवाइकांचे थोडक्यात. दाराची कडी, 'लॅच', ही लेसची कोणी नाही. ती जुन्या इंग्रजीतल्या 'पकडणे' या क्रियापदाची. पण बायबलमध्ये पादत्राणाच्या बंदाला जो 'लॅचेट' शब्द आहे तो मात्र लेसच्याच घरचा, दिसायला कडीसारखा असला तरी. फाडणे या अर्थाचे 'लॅसरेट' वेगळ्या मुळाचे. जहाजावर दोराने बांधणे या अर्थाचे 'लॅश' बहुधा लेसचेच दुसरे रूप. लाक्वेउसच्याही मागे भुलवणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद 'लाकेरे' आहे असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. ते खरे असेल तर इंग्रजीतला आनंदवाचक 'डिलाइट'ही या कुळात येतो.

मराठीत 'लेस' हा शब्द आला तो बुटाची आणि काठाची असे दोन्ही अर्थ घेऊनच. त्यात एक गंमत आहे: काठाला शिवायची कोणतीही तयार पट्टी, तिच्यात एक भोक नसले तरी, आपण लेसच म्हणतो. इंग्रजीत हे आता चूक वाटेल, पण १६व्या शतकातल्या लंडनच्या शिंप्याला अगदी बरोबर वाटले असते. जुने इंग्रजी मराठीत आणणाऱ्यांची अडचण मात्र खरी आहे, कारण 'गोल्ड लेस'चे 'सोनेरी जाळी' मी छापलेले वाचले आहे. अशा वेळी वस्तू मोजली कशी आहे ते बघावे. डझनावर मोजली असेल तर ती बांधायची नाडी. औंसावर तोलली असेल तर सोन्याचांदीच्या तारेची फीत, कारण तिची किंमत धातूच्या वजनावर ठरे. यार्डावर मापली असेल तर पुढेमागे 'बोन', 'पॉइंट' किंवा एखाद्या गावाचे नाव आहे का ते शोधावे. असेल तर जाळी असण्याचा संभव मोठा. काहीच नसेल आणि साल १५५०च्या आधीचे असेल, तर डोळे मिटून 'गोफ' लिहावे.